सात रोपं, एक सातबारा आणि जर्मनीहून आलेलं बी

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. यजमान गेल्यावर भोर तालुक्यातली तीस गुंठे जमीन वारसाने माझ्या नावावर झाली. तिच्यात जरबेराचं जुनं, बंद पडलेलं पॉलीहाऊस आहे. मुलगा जर्मनीत शिकून, नोकरी करून मागच्या दिवाळीत परत आला. येताना त्याने कसलंसं हायब्रीड बी आणलं होतं. त्याची सात रोपं पॉलीहाऊसच्या कोपऱ्यात आता कमरेएवढी झाली आहेत. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, 'गांजाचीच जात आहे, पण संकरित. नशा कमी असते. फूल आल्याशिवाय त्याला कायद्याने गांजा म्हणतच नाहीत. जर्मनीत तीन झाडं लावायला परवानगी आहे. तुझ्या गुडघ्यांसाठी तेल काढायचंय.' रोपांना पाणी आमचा गडी घालतो. गेल्या आठवड्यात शेजारच्या बांधावरच्या एकाने मोबाइलवर रोपांचा फोटो दाखवला आणि 'पन्नास हजारांत मिटवून टाकू' म्हणाला. मी काय करू? रोपं उपटून जाळून टाकू का?

उत्तर:

बाई (शिक्षिकेला मी बाईच म्हणणार), तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण हे वाचताना काडेपेटी तुमच्या हातात असायची शक्यता आहे. ती खाली ठेवा. का, ते पुढे सांगतो.

तुमच्या मुलाने कायदा वाचलेला दिसतो, पण अर्धाच. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे आपण ज्याला एनडीपीएस म्हणतो, त्याच्या कलम २ मध्ये गांजाची व्याख्या आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. बी आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजात मोजत नाहीत. इथपर्यंत मुलगा बरोबर आहे. नुसती पानं सापडली म्हणून गांजाचा गुन्हा टिकला नाही, अशी प्रकरणं कोर्टात होतात. (पानं म्हणजे भांग, ती तरी मोकळी असेल असं समजू नका. महाराष्ट्रात तिला १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो.)

पण त्याच कलमात, गांजाच्या लगेच खाली, आणखी एक व्याख्या आहे आणि ती अवघ्या एका ओळीची आहे: कॅनॅबिस वनस्पती म्हणजे कॅनॅबिस या प्रजातीची कोणतीही वनस्पती. कोणतीही. तिथे नर-मादी नाही, फूल आलं-न आलं नाही, नशा किती टक्के ते नाही. सटायव्हाचा इंडिकाशी (या याच झाडाच्या जाती) संकर केलेला असो, बियाण्याच्या पाकिटावर 'फेमिनाइज्ड' (मादी रोपं देणारं) लिहिलेलं असो की 'ऑटोफ्लॉवर' (आपोआप फुलणारं), प्रजात बदलत नाही. देशी आंब्यावर हापूसचं कलम बांधलं तरी झाड आंब्याचंच राहतं. आणि कलम ८ लागवडीला मनाई करतं ती या वनस्पतीच्या, गांजाच्या नव्हे. म्हणून फूल येण्याची वाट पाहावी लागत नाही. बी पाकिटात होतं तोवर ते गांजा नव्हतं, मातीत पडून रोप झालं त्या दिवशी कलम २०(अ) चा गुन्हा उभा राहिला.

'सातच तर आहेत' हा दुसरा समज. अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण हे शब्द लोकांनी बातम्यांत वाचलेले असतात. गांजासाठी एक किलोपर्यंत अल्प आणि वीस किलोच्या वर व्यापारी. ही पायरी गांजा बाळगण्याला आहे, लागवडीला नाही. लागवडीला एकच शिक्षा लिहिली आहे: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. किमान शिक्षा नाही, त्यामुळे सात रोपांचा आणि सात एकरांचा फरक न्यायाधीश शिक्षा देताना जरूर करतील. पण गुन्हा दाखल होताना, अटक होताना तो फरक नसतो. कलम ३३ मुळे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून देण्याची सोयही अठरा वर्षांवरच्या आरोपीला लागवडीच्या गुन्ह्यात मिळत नाही.

वजन मात्र दुसऱ्या वाटेने आत येतं. छापा पडला की झाडं मुळासकट उपटतात, पोत्यात भरतात, जवळच्या किराणा दुकानातला काटा आणतात आणि पंचनाम्यात लिहितात 'ओला गांजा, इतके किलो'. मी असा एक पंचनामा वाचला आहे ज्यात मुळांना चिकटलेल्या मातीसकट वजन धरलं होतं, आणि तसं प्रामाणिकपणे लिहिलंही होतं! खोड, मुळं, पानं, पाणी, माती हा गांजा नव्हे हे नंतर वकील सांगतात आणि कोर्ट ऐकतंही. पण कागदावर आकडा वीस किलोच्या वर गेला की कलम ३७ लागतं आणि आरोपी निर्दोष असावा असं कोर्टाला प्रथमदर्शनी वाटल्याशिवाय जामीन होत नाही. तुमच्या सात फुलाविना रोपांचं वजन तिथे जाणार नाही. म्हणजे जामिनाचा रस्ता तुलनेने मोकळा आहे. तुमच्या बाजूची ही सगळ्यांत मोठी गोष्ट आहे, आणि रोपं फुलोऱ्यात आली की ती तुमच्या बाजूची राहणार नाही. पॉलीहाऊसमध्ये हे दिवस फार नसतात.

जर्मनीचं म्हणाल तर १ एप्रिल २०२४ पासून तिथे सज्ञान रहिवाशाला स्वतःपुरती तीन झाडं घरी लावता येतात, हे खरं. तो कायदा तिथल्या घरापुरता. भोरमध्ये त्याचा उपयोग तिथल्या एसटीच्या पासाइतकाच. उलट आपला कायदा सीमेपाशी थांबत नाही: २००१ च्या दुरुस्तीनंतर एनडीपीएस परदेशातल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. शिवाय पेरणीचं बी बॅगेतून आणणं हा वेगळाच विषय. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे पेरणीसाठी परदेशी बी आणायला आयात परवाना आणि त्या देशाचा रोगमुक्ततेचा दाखला लागतो, मग ते बी गांजाचं असो की झेंडूचं. तो दाखला मुलाकडे नसणार.

बागायतीच्या, म्हणजे बागकामासाठीच्या लागवडीच्या, मुद्द्यावर तुम्ही लिहिलं नाही, पण मुलगा आज ना उद्या काढेल. कलम १४ मध्ये तंतू किंवा बी मिळवण्यासाठी, तसंच बागायतीच्या कारणासाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं. 'देऊ शकतं' यातच सगळं आलं. उत्तराखंडाने याच झाडाच्या कमी नशेच्या औद्योगिक जातीला (हेम्प) असे परवाने दिले आहेत, नशेच्या घटकाची मर्यादा ०.३ टक्के. तो परवाना त्या राज्यातल्या, त्या शेतापुरता असतो. आपल्याकडे तुमच्या मुलाच्या हातात असा कोणताही आदेश नाही आणि मागाहून अर्ज करून झालेली लागवड धुऊन निघत नाही. २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने पिकाला भाव नाही म्हणून दोन एकर गांजा लावू द्या असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना केला होता, आणि उत्तर आलं नाही तर परवानगी आहे असं समजेन, असंही कळवलं होतं. त्या अर्जामागचा वैताग मला कळतो. पण या कायद्यात सरकारचं मौन ही संमती नसते.

आता तुमच्याकडे येतो. मुलाच्या गुन्ह्यात आई अडकते का? नुसती आई म्हणून नाही. जमिनीची मालक म्हणून, हो. कलम २५ प्रमाणे आपल्या जागेत हा गुन्हा जाणूनबुजून होऊ देणाऱ्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. आणि कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत अशी लागवड आहे हे कळल्यावर जमीनधारकाने ताबडतोब पोलिसांना किंवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं असतं. जाणूनबुजून टाळलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आईला मुलाविरुद्ध सांगावं लागू नये अशी सवलत तिथे लिहिलेली नाही. मला ती असायला हवी होती असं वाटतं, पण नाही. पुढच्याच कलमात सरपंच, पंच आणि गावकामगारांवरही हीच जबाबदारी टाकली आहे, तेव्हा पोलीस पाटलाच्या कानावर 'सहज' घालून ठेवण्याचा विचार असेल तर तो सहज राहणार नाही.

२५ आणि ४६ या दोन्ही कलमांत 'जाणूनबुजून' हा शब्द मोलाचा आहे. मुलाने सांगेपर्यंत ते झाड कसलं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, तोपर्यंतचा काळ तुमचा. त्यानंतर जाणारा प्रत्येक दिवस तुमच्याविरुद्ध मोजला जाईल. मला पत्र लिहिलंत, त्यात तारीख आहे. म्हणून गाव, नाव, आकडे बदलूनच ते इथे छापलं आहे. तरी अशा पत्राला वकील-अशिलाच्या गुप्ततेचं पूर्ण संरक्षण आहे असं धरून चालू नका. ते संरक्षण तुम्ही वकीलपत्र द्याल त्या वकिलाशी बोलताना मिळेल, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ खाली.

जाळायचं का नाही, त्याचं कारण इथे आहे. असं पीक जप्त करण्याचा आणि नष्ट करण्याचा आदेश देण्याचा अधिकार कलम ४८ प्रमाणे दंडाधिकाऱ्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला आहे. तुम्ही जाळलंत तर लागवड झाली हे पुसलं जात नाही, कारण फोटो शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये आहे. वर पुरावा नष्ट केल्याचा, भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ चा गुन्हा तुमच्या नावावर चढतो. आज तुम्ही फार तर माहिती द्यायला उशीर केलेल्या मालक आहात. काडी लावल्यावर तुम्ही सहभागी. मुलालाही बजावा: मोबाइलमधले मेसेज, बियाण्याची पावती काही पुसायचं नाही. पुसलेलं परत काढता येतं आणि मग ते जास्त वाईट दिसतं.

तर येत्या दोन दिवसांत फौजदारी काम करणाऱ्या वकिलाकडे जा. एका नव्हे, दोन वकिलांकडे: तुमचा वेगळा, मुलाचा वेगळा. हे ऐकून आईला वाईट वाटतं, माझ्यासमोर बसलेल्या आया रडल्या आहेत. पण तुमचा बचाव 'हे मुलाने केलं, मला नंतर कळलं' असा आहे आणि मुलाच्या वकिलाचं काम नेमकं ते सिद्ध होऊ न देणं हे आहे. एकच वकील दोघांचं नीट करू शकत नाही. तुमच्या वकिलाने कलम ४६ ची लेखी माहिती तयार करावी, मुलाच्या वकिलाने त्याच वेळी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवावा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, कलम ४८२). कोणतं आधी, कोणतं नंतर, किती तासांच्या अंतराने, हे त्या दोघांनी फोनवर ठरवायचं. माहिती दिली म्हणून मुलाला माफी मिळेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कलम ६४अ ची सवलत उपचार घ्यायला तयार असलेल्या व्यसनी माणसाला आहे, लागवड करणाऱ्याला नाही. मुलाला परत जर्मनीला जायचं असेल तर खटला चालू असताना पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी लागते, हेही त्याला आत्ताच कळू द्या.

आणि तिसरा माणूस, ज्याच्याबद्दल तुम्ही अर्धंच वाक्य लिहिलं: पाणी घालणारा गडी. अशा प्रकरणात पोलीस शेतावर येतात तेव्हा मालक शहरात असतो, मालकाचा मुलगा गाडी घेऊन बाहेर गेलेला असतो, हातात पाइप धरून उभा असतो तो गडी. पंचनाम्यात पहिलं नाव त्याचं लागतं. त्याला अलख राम विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा २००४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कोण सांगणार, की झाड जमिनीत आहे एवढ्याने भागत नाही, आरोपीनेच लागवड केली हे सरकारला सिद्ध करावं लागतं? आणि तो तर खरोखरच पाणी घालतोय. ते कसलं झाड आहे हे त्याला कुणी सांगितलं होतं का? नसेल सांगितलं, तर ते त्याच्या वतीने सांगायला त्याचाही वेगळा वकील हवा, आणि त्याची फी तुमच्या घराने भरावी असं माझं मत आहे. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडून त्याला मोफत वकील मिळू शकतो. आजपासून त्याला त्या पॉलीहाऊसमध्ये पाठवू नका.

बांधावरच्या गृहस्थाला एक पैसाही देऊ नका. फोटो दाखवून पैसे मागणं ही खंडणी आहे, न्याय संहितेचं कलम ३०८. पण त्याच्याविरुद्ध तक्रार करायला तुम्ही आज एकट्या ठाण्यात गेलात तर पहिला प्रश्न 'फोटो कशाचा?' हाच येईल. म्हणून ती तक्रार कलम ४६ च्या माहितीबरोबरच, त्याच कागदात जाऊ द्या. त्याने पुन्हा फोन केला तर उचला, 'वकिलांशी बोलते' एवढंच म्हणा आणि तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा.

त्याआधीच कुणी दारात आलं तर घाबरून सह्या करू नका. झडतीचं वॉरंट किंवा अधिकार विचारा. वॉरंटाशिवाय सूर्यास्तानंतर घरात किंवा बंद जागेत शिरायचं असेल तर अधिकाऱ्याला कारणं लेखी नोंदवावी लागतात. तुमची अंगझडती बाईच घेईल, आणि कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती व्हावी असं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. पंचनाम्याची प्रत मागा. कोऱ्या कागदावर सही नाही. मुलाने अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या तोफान सिंग निकालाने स्पष्ट झालं आहे, पण न बोललेलं सगळ्यांत बरं.

वकिलाकडे जाताना सातबारा, आठ-अ, वारस नोंदीचा फेरफार, पॉलीहाऊसच्या कर्जाचे कागद असतील तर ते, आणि मुलाच्या परतीच्या तिकिटाची तारीख एवढं बरोबर न्या. तारखेवरून बी कधी आलं ते ठरेल.

गुडघ्यांचं राहिलं. आयुर्वेदात या झाडाला विजया म्हणतात आणि परवानाधारक कंपन्यांची विजयाची औषधं वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. वैद्यांना विचारा, चिठ्ठी घ्या, बिल जपून ठेवा.