आधी एक पलटण पूर्ण करा: मिनिएचर आर्मीबद्दल वाचकांचे प्रश्न

टेबलावर लढाया खेळण्यासाठी छोट्या शिपायांची सैन्यं जमवणाऱ्यांची ही पत्रं. या वेळी आलेली बरीचशी पत्रं रंगकामाची आहेत, आणि रंगकामातही सगळ्यांचं दुखणं जवळपास एकच, फिगर (म्हणजे हे छोटे शिपाई-पुतळे) खूप झाल्यात आणि रंगवून होत नाहीयेत. म्हणून पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीये.

प्रश्न: ताई, तीन वर्षं झाली नेपोलियनच्या काळातलं फ्रेंच पायदळ जमवतोय, २८ एमएममध्ये (शिपाई साधारण तेवढा उंच). दोनशेच्या वर फिगर आहेत पण रंगवून झाल्यात फक्त सतरा, आणि त्या सतराही चार वेगवेगळ्या रेजिमेंटच्या. एकेक फिगर मनासारखी करायला तीन-चार संध्याकाळी जातात. टेबलावर मांडायला गेलो तर मांडण्यासारखं काहीच नाही. असंच चालू ठेवू की पद्धत बदलू?

पद्धत बदला. तुमचा हात चांगला आहे हे पत्रावरूनच कळतंय पण तुम्ही एकेक शिपाई रंगवताय, आणि टेबलावर दिसते ती पलटण. खेळताना फिगर तुमच्या डोळ्यांपासून हातभर तरी लांब असते, तिथून कोटाचं बटण दिसत नाही, दिसतं ते काय तर चेहरा, छातीवरचे पांढरे पट्टे, निशाण आणि खालचा बेस (फिगर चिकटवलेली तळपट्टी). या चार गोष्टींवर वेळ घालवा आणि बाकीचं नीट, स्वच्छ, एकसारखं करून पुढे जा.

आधी सैन्य कागदावर मांडा. १८०८ च्या फेब्रुवारीतल्या हुकुमानंतर फ्रेंच बटालियन सहा कंपन्यांची झाली, चार फ्युझिलियर (साधे शिपाई), एक ग्रेनेडियर (निवडक धिप्पाड), एक व्होल्टिजर (निवडक चपळ), प्रत्येकी १४० म्हणजे कागदावर ८४०. मोहिमेवर एवढे सहसा नसायचे, म्हणून एका फिगरला वीस माणसं धरली तरी ३६ फिगरची पलटण छान बसते, सहा बेस, एकेका बेसवर सहा जण, एक बेस म्हणजे एक कंपनी. याचा फायदा बघा, सहाही बेस शेजारी लावले की लाइन झाली, दोन-दोनच्या तीन ओळी केल्या की फ्रेंचांचा हल्ल्याचा कॉलम झाला, आणि चारी बाजूंना तोंडं वळवली की चौकोन. इतिहास आपोआप हातात येतो, वेगळं काही शिकावं लागत नाही.

आता दोनशेतल्या ३६ काढा, बाकीच्या डब्यात घालून डबा कपाटात वर ठेवा, समोर ठेवूच नका. त्या ३६ मधल्या १२ घ्या, लाकडी पट्टीवर चार-चार चिकटवा, मध्ये ब्रश जाईल एवढी जागा ठेवून, आणि एक रंग उघडला की बाराही जणांना लावूनच बंद करायचा. क्रम आतून बाहेर, म्हणजे आधी चेहरा-हात, मग कोट, मग पँट, मग पाठीवरची पिशवी, बंदूक, शाको (शिपायाची उंच टोपी). त्यावर तपकिरी वॉश (खाचांत साचून सावली देणारा पातळ रंग). आणि पांढरे पट्टे वॉश वाळल्यावर, आधी नाही! हे मी मुद्दाम सांगतेय कारण पट्टे आधी रंगवून वर वॉश दिला की ते कळकट होतात आणि मग परत रंगवायला लागतात. निळ्यावर थेट पांढरा लावू नका, तीन हात दिले तरी निळा डोकावतो. आधी फिकट राखाडीची रेघ ओढा, जराशी रुंद, मग तिच्या मधोमध पांढरी, राखाडीची कड दोन्हीकडे सुटू द्या. ती सुटलेली कडच सावलीचं काम करते आणि लांबून पट्टा कापून ठेवल्यासारखा दिसतो. सगळ्या फिगरवर एवढं एकच काम मन लावून केलंत तरी पलटण उठून दिसेल.

अधिकारी, ड्रमर आणि निशाणवाला मात्र सगळ्यात शेवटी, आणि ते सावकाश करा, तिथे तुमच्या तीन-चार संध्याकाळी घाला. बघणाऱ्याची नजर आधी त्यांच्यावरच जाते आणि मग ती बाकीच्या बत्तीस-तेहेतीस जणांनाही तेवढंच चांगलं समजते. कागदी निशाण असेल तर चिकटवायच्या आधी पांढरा गोंद लावून ओलं असतानाच बोटांनी वळवा, सुरकुत्या पाडा, आणि वाळल्यावर कागदाची पांढरी कड त्या-त्या रंगाने बंद करा. ही कड बरेच जण विसरतात आणि सगळी मेहनत कागदासारखी दिसायला लागते.

त्या सतरा झालेल्या फिगर वाया गेल्या नाहीत, ज्या रेजिमेंटच्या जास्त आहेत तिचीच पहिली पलटण करा, म्हणजे सुरुवातीलाच चार-पाच कमी करायला लागतील.

प्रश्न: ताई मी नववीत आहे. मला रोमन आर्मी करायची आहे पण बेस कुठल्या मापाचे घ्यायचे तेच कळत नाहीये, प्रत्येक रूल्समध्ये वेगळं सांगतात. आधी रंगवून घेऊ का आणि बेसचं नंतर बघू?

नको, बेसचं आधी ठरव. तू ज्यांच्याबरोबर खेळणार आहेस ते कुठले रूल्स खेळतात ते विचार आणि त्याच मापाचे घे, कारण चिकटवलेल्या, माती-गवत लावलेल्या फिगर उखडून काढताना घोट्यातून तुटतात, माझ्या स्वतःच्या अशा अकरा तुटल्यात.

पहिलीच आर्मी आहे तर डीबीए हे प्राचीन-मध्ययुगीन लढायांचे रूल्स बघ. त्यात एका बाजूचं अख्खं सैन्य फक्त १२ बेसचं असतं, १५ एमएमच्या फिगरला बेसची समोरची रुंदी ४० एमएम आणि २८ ला ६०. लीजनच्या (रोमन पायदळाच्या) शिपायांच्या बेसवर चार जण, घोडदळ असेल तर तीन, विरळ लढणारे हलके लोक दोन, म्हणजे पन्नासच्या आतच सगळं आटपतं आणि सुट्टीत पूर्ण होईल. १५ एमएमच घे असं मी म्हणेन, लवकर होतात आणि छोट्या टेबलावर पण मोकळं वाटतं. समोरची रुंदी काटेकोर ठेव, खोलीत एखादा एमएम इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही, शेजारचे बेस एकमेकांना नीट लागले पाहिजेत ते महत्त्वाचं.

आणि एकट्या-एकट्या गोल बेसवर आधीच लावल्या असतील तरी घाबरू नकोस. भोकं पाडलेले ट्रे मिळतात किंवा जाड पुठ्ठ्याचे करता येतात, त्यात फिगर बसवायच्या आणि ट्रे सरकवायचा.

प्रश्न: प्राइमर (रंगाआधीचा पहिला थर) काळा की पांढरा?

चिलखतवाले, धातू जास्त असलेले असतील तर काळा. एका हातातच रंग आणि सावली दोन्ही देणारे जे पातळ रंग आलेत ते वापरणार असाल तर पांढरा किंवा फिकट, काळ्यावर ते दिसतच नाहीत. बाकी सगळ्याला राखाडी. प्लॅस्टिकच्या आणि रेझिनच्या फिगर त्याआधी कोमट पाण्यात साबणाने धुवा, साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग पापुद्र्यासारखा निघतो.

प्रश्न: माझं घोडदळ झालंय पण सगळे घोडे एकसारखे तपकिरी दिसतात, अगदी लाकडी. तीन वेगवेगळे तपकिरी वापरले तरी तेच. काय चुकतंय?

रंग नाही चुकत, पाय आणि आयाळ चुकतेय. घोड्यांसाठी आपल्याकडे जुने शब्द आहेत ते उगाच नाहीत. कुमाईत घोडा म्हणजे अंग तपकिरी पण आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे. तुमच्या निम्म्या घोड्यांना नुसते काळे पाय आणि काळी आयाळ दिलीत की लगेच फरक पडेल बघा. दुसरे तांबूस, त्यांची आयाळ अंगाच्याच रंगाची किंवा थोडी फिकट, पाय काळे अजिबात नाहीत. मग काही गडद, जवळजवळ काळे. पांढरे-करडे अगदी मोजके ठेवा, फ्रेंच घोडदळात बिगुलवाले बहुतेक करड्या घोड्यावर असायचे त्यामुळे त्यांना द्या, ते लांबून ओळखूही येतात. अपवाद ब्रिटिशांच्या स्कॉट्स ग्रेजचा, त्यांची ओळखच करड्या घोड्यांची. अबलख (पांढऱ्या-रंगीत ठिगळांचा) घोडा दिसायला सुंदर पण युरोपातल्या शिस्तीच्या घोडदळात तो रांगेत बसत नाही, एखाद्या ढोलवाल्याखाली ठेवा.

पांढरे मोजे सगळ्या पायांना देऊ नका, एकाला एका पायावर, एकाला दोन, बऱ्याच जणांना नाहीच. आणि जिथे पाय पांढरा तिथे खूर फिकट, जिथे पाय काळा तिथे खूर गडद.

अंगाची पद्धत मी सांगते ती एकदा करून बघाच. फिकट बदामी रंगाचा थर द्या, पूर्ण वाळू द्या, मग त्यावर ट्यूबमधला तपकिरी ऑइल कलर सगळ्या अंगाला चोपडा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि स्पंजच्या तुकड्याने हलकेच पुसा. उंचवट्यावरचा रंग निघून जातो, खाचेत राहतो, आणि खांद्याचे, मांडीचे स्नायू स्वतःहून वर येतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी तो घोडा हातात धरून बराच वेळ नुसती फिरवत बसले होते. वाळायला दोन-तीन दिवस जातात, तेवढा धीर धरा, लगेच वर काम केलंत तर बोटाचे ठसे उमटतील. घोडेस्वार वेगळा रंगवून शेवटी बसवा.

प्रश्न: युनिफॉर्मच्या अभ्यासाला अंत आहे का हो? एका रेजिमेंटच्या कॉलरचा रंग शोधता शोधता दोन महिने गेले आणि ब्रशला हात नाही.

अंत नाही, आणि त्यातली मजाही मला कळते, मीही त्यात रमते. पण रंगवायला बसण्यापुरतं किती लागतं त्याची हद्द घालून घ्या. माझा नियम असा, जे हातभर अंतरावरून ओळखू येतं ते बरोबर हवं, बाकीचं मिळालं तर उत्तम.

फ्रेंचांचंच उदाहरण घेऊ. फ्युझिलियरच्या शाकोवरचा गोंडा पहिल्या कंपनीचा गडद हिरवा, दुसरीचा आकाशी, तिसरीचा नारिंगी, चौथीचा जांभळा. एकेका फिगरला चार ठिपके पण नाहीत, एकच ठिपका, पण सहा बेस लावले की कंपन्या वेगळ्या कळतात. ग्रेनेडियरना लाल एपोलेट (खांद्यावरची झालर), व्होल्टिजरना पिवळी कॉलर. एवढं केलंत की कोणीही जाणकार मान डोलावेल. मोठी चूक होते ती गरुडाची (निशाणाच्या काठीच्या टोकावरचा), लोक प्रत्येक बटालियनला गरुड देतात कारण फिगरच्या पाकिटात तो येतो. १८०८ नंतर रेजिमेंटला एकच गरुड आणि तो पहिल्या बटालियनकडे, बाकीच्यांना साधं निशाण.

आणि मोहिमेवरचे शिपाई परेडसारखे नसतात हे विसरू नका. कोणाच्या पँटी फाटल्या म्हणून मिळेल त्या कापडाच्या शिवलेल्या, कोणी अंगावर ओव्हरकोट घातलेला, शाकोवर मेणकापडाचं झाकण. १५ एमएममध्ये अशा थोड्या तपकिरी, थोड्या मळक्या पांढऱ्या पँटी मिसळल्या की पलटण चालत आल्यासारखी वाटते. कॉलरचा रंग नाहीच मिळाला तर ती पलटण ओव्हरकोटमध्ये करा, हा अगदी खरा आणि इमानदार मार्ग आहे.

प्रश्न: काकांच्या जुन्या शिशाच्या फिगर मिळाल्यात, काहींवर पांढरी-राखाडी पावडर आलीये. घासून काढू?

कोरड्या घासू नका, फुंकर तर मारूच नका, ती पावडर शिशाची आहे आणि पोटात-छातीत जायला नको. शिसं ओलाव्यात आणि लाकडातून, काही पुठ्ठ्यातून येणाऱ्या आम्लाच्या वाफेत राहिलं की असं होतं, ओकच्या लाकडाची कपाटं यात जास्त वाईट. हातमोजे घाला, मास्क लावा, पावडर आलेल्या फिगर आधी वेगळ्या काढा. थोडीशीच असेल तर ओल्या कापडाने टिपून घ्या, कापड टाकून द्या, फिगर पूर्ण वाळवून प्राइमर द्या. जी आतून भुसभुशीत झालीये, बोटाने दाबली की चुरा होतो, ती वाचत नाही, ती जाऊ द्या. चांगल्या राहिलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात हलवा. आणि काम झालं की हात धुवा, टेबल ओल्या फडक्याने पुसा, घरात लहान मुलं असतील तर हे काम त्यांच्यासमोर नकोच.

प्रश्न: शेवटी वॉर्निशचा स्प्रे मारला आणि चोवीसही फिगर धुक्यात गेल्यासारख्या पांढुरक्या झाल्या. सगळं गेलं का?

नाही गेलं, थांबा, रंग काढायच्या द्रावणात टाकू नका. माझं पण हे झालंय, पावसाळी हवेत दार उघडं टाकून स्प्रे मारला होता आणि दोन महिन्यांचं काम पांढरं पडलेलं बघून मला रडूच आलं होतं. हवेत दमटपणा असला किंवा खूप लांबून मारला की असं होतं. ब्रशने ग्लॉस वॉर्निशचा एक पातळ हात द्या, बऱ्याचदा धुकं तिथल्या तिथे निवळतं. एका फिगरवर करून बघा, मग बाकीच्या. ग्लॉस नीट वाळला की वर मॅट, तोही ब्रशने.

प्रश्न: रंगवलेल्या फिगर ठेवायच्या कशा? डबा हलला की संगिनी वाकतात.

बेसच्या खाली चुंबकी शीट लावा आणि डब्याच्या तळाला लोखंडी पत्रा, फिगर उभ्याच राहतात, डबा तिरका झाला तरी हलत नाहीत. धातूच्या जड घोडेस्वारांना शीट पुरत नाही, त्यांना छोटे निओडिमियमचे चुंबक. संगिनी आणि भाले मऊ धातूचे असतील तर ते कापून तिथे बारीक स्टीलची तार बसवा, टोक मात्र जरा बोथट करा, टोचतं.

बेसच्या खाली चिकटवायच्या आधी चुंबकावरच पेनाने लिहून ठेवा, रेजिमेंट, बटालियन, कंपनी, आणि कोटाला कुठला निळा वापरला तो. दोन वर्षांनी दुसरी बटालियन करायला घ्याल तेव्हा तोच निळा लागेल.