सॉफ्टवेअर कंपन्या एकदाच पैसे घेऊन विकायचं सोडून सबस्क्रिप्शनच्या मागे का लागल्यात? घ्यावं का?

का म्हणजे काय, एकदा विकलं की गिऱ्हाईक वर्षानुवर्षं तोंड दाखवत नाही म्हणून. अडोबीचं सीएस6 (फोटोशॉप वगैरेचा संच) घेतलेला माणूस दहा वर्षं त्यावरच काढणार, मग कंपनीने खायचं काय? मे 2013 मध्ये अडोबीने सांगूनच टाकलं की पुढची व्हर्जनं फक्त भाड्याने, 2016 मध्ये ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कनेही तेच केलं. दर महिन्याचा पैसा पक्का, झालं तुमचं उत्तर.

आता माझं ऐका. माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर सीडीवर घेतलेलं, एकदाच पैसे दिले, विषय संपला. मेहुणा आला की हसायचा, "दाजी, हे म्युझियममध्ये द्या." शेवटी त्याच्या नादाने वर्षाच्या भाड्याचं ऑनलाईन घेतलं (कंपनीचं नाव घेत नाही), पैसे कार्डातून आपोआप जायचे. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला, तेव्हा पाच हजारांच्या वरच्या ऑटो-पेमेंटला दरवेळी ओटीपी लागायचा (ही मर्यादा 2022 मध्ये वाढवली). तो गेला बँकेत दिलेल्या जुन्या नंबरवर, आणि ते सिम पुण्याला पोराच्या फोनात, मला पत्ताच नाही. इकडे हरभऱ्याच्या बियाण्याला गर्दी, काउंटरला दहा-बारा माणसं उभी आणि स्क्रीनवर नुसतं 'रिन्यू करा'. बिल काय हो, वहीवर पण लिहिता येतं, पण माझीच उधारी मला दिसेना! एक जण म्हणाला माझे चार हजारच राहिलेत, माझ्या डोक्यात सहा होते, पण दाखवू कशात? घेतले गप चार.

मेहुणा म्हणतो, "दाजी, चूक तुमच्या सिमची." म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

तेव्हा घ्यायचं तर घ्या, पण दर शनिवारी उधारीची यादी एक्सेलमध्ये काढून प्रिंट मारून ठेवा. एक्सेलसाठी सबस्क्रिप्शनच लागतं असं पण नाही, ऑफिस 2024 एकदाच पैसे भरून मिळतं.

एक मात्र कबूल करतो, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा त्या सीडीवाल्या सॉफ्टवेअरला व्हॅटपलीकडे काही कळत नव्हतं आणि विकणाऱ्याचा फोन बंद. भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅक्सचे दर आपोआप बदलतात, ते खरंच सोयीचं आहे. मेहुण्याला सांगू नका.

जुना कॉम्प्युटर अजून माळ्यावर आहे, भंगारात दिला नाही. 2017 च्या आधीची उधारी त्यातच आहे आणि त्यात मेहुण्याच्या नावावर दोन पोती डीएपी आहेत.