पुण्याहून टोरोंटोला, तेही जानेवारीत

तुमचा प्रश्न असा: कोथरूडहून जानेवारीत टोरोंटोला यायचंय, सोबत पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. पुण्यातून गरम कपडे कोणते घ्यावेत आणि तिथली थंडी झेपेल का?

झेपेल. फक्त सगळ्यात वरचा कोट आणि बर्फाचे बूट पुण्यात घेऊ नका. आपल्याकडे पहाटे ९ अंश झालं की शेकोट्या पेटतात, आणि दुकानातली जॅकेटंही तेवढ्याच बेताची असतात. इथे वारा थांबवणारा, टोपीवाला आणि मांडीपर्यंत येणारा कोट लागतो. पुण्यातून आतले थर आणा: पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकरीचे थर्मल प्रत्येकी दोन जोड आणि एकेक फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कापडाचं जॅकेट. सुती बनियन थर्मलच्या आत घालू नका. मेट्रोत घाम येतो, सूत तो धरून ठेवतं आणि बाहेर पडल्यावर तेच ओलं कापड अंग गारठवतं.

हवामानाच्या अॅपवर तापमानापेक्षा ‘विंड चिल’चा आकडा बघा. उणे १० तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. हा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकाच पिशवीत घेणारे मिटन जास्त उबदार. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, कारण जाड मोज्यांनी बोटं आवळली की रक्त फिरत नाही आणि महागड्या बुटातही पाय गार पडतात.

पुणेकरांचं लक्ष नसतं ते कोरड्या हवेकडे. बाहेरच्या गार हवेत बाष्प मुळातच कमी. तीच हवा घरात २१ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. मग ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की स्थिर विजेचा चटका बसतो. ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत बाष्प सोडणारं यंत्र घ्या, पण आर्द्रतेचा आकडा ३० ते ३५ टक्क्यांवरच ठेवा. त्यापुढे गेलात तर खिडकीच्या काचेवर पाणी साचतं, चौकटीला बुरशी धरते. ह्युमिडिफायर अल्ट्रासॉनिक, म्हणजे कंपनांनी पाण्याचे तुषार उडवणारा असेल तर डिस्टिल्ड पाणी वापरा. नळाच्या पाण्यातल्या क्षारांची पांढरी पूड घरभर बसते. आंघोळीचं पाणी कोमट ठेवा आणि अंग ओलसर असतानाच क्रीम लावा. खोबरेल तेल बाटलीत घट्ट होतं, म्हणून रुंद तोंडाच्या बरणीत भरा. इडलीचं पीठ ओट्यावर फुगत नाही. ओव्हन बंद ठेवून नुसता आतला दिवा लावा आणि भांडं आत ठेवा.

डिसेंबरअखेर दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, पावणेपाचला सूर्य मावळतो. हिवाळाभर ऊन इतकं तिरपं येतं की कातडीत ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही, आणि आपल्या सावळ्या रंगाला तर आणखीच कमी. निघण्याआधी पुण्यातच रक्त तपासून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्या. दुपारच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चालण्याने मन ताळ्यावर राहतं.

ताज्या बर्फावर पाय फारसा घसरत नाही. दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठलेला पातळ, न दिसणारा थर माणसाला पाडतो. पावलं छोटी टाका, हात खिशाबाहेर ठेवा. रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग बुटांवरून निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी घेऊन पुसा.

मुलीसाठी स्नोसूट, म्हणजे अंगभर येणारा बर्फातला पोशाख, आणि मिटनचे तीन जोड. एक ओला, एक हरवलेला, एक हातात. सगळ्यावर नाव घाला. गाडीच्या सीटवर मात्र फुगीर कोट काढूनच बसवा: कोट दबला की पट्टा सैल पडतो आणि धक्क्यात मूल निसटू शकतं. आधी पट्टा, मग वरून पांघरूण.

उतरायच्या दिवसासाठी थर्मल, फ्लीस, टोपी आणि मोजे हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग उशिरा आली तरी विमानतळापासून घरापर्यंतचं निभावेल.