‘दमदार आवाज’ एवढंच लिहू नकोस

प्रिय मित्रा,

नव्या रॉक सिंगल्सवरची, म्हणजे सुट्या प्रसिद्ध झालेल्या गाण्यांवरची, तुझी टिपणं वाचली. भाषा वाहती आहे, ऐकण्याची हौस तर ओळीओळीत दिसते. पण जवळपास प्रत्येक टिपणात ‘दमदार आवाजाची गायिका’ भेटते आणि गिटार, बेस, ड्रम्स यांचा पत्ताच नसतो. बँडमध्ये बाई गात असली की तुझे कान तिच्यापाशीच अडकतात. तू एकटा नाहीस म्हणा. सत्तरच्या दशकात लोक ब्लाँडी या बँडच्या गायिकेला, डेबी हॅरीलाच ब्लाँडी समजायचे. शेवटी ‘ब्लाँडी हा ग्रुप आहे’ असे बिल्ले काढायची वेळ आली.

आवाजावर लिहू नकोस, असं मी म्हणत नाही. नेमकं लिही. वेट लेग या बँडचं २०२१ मधलं ‘शेज लाँग’ पुन्हा लाव. त्यांची गायिका रियान टीसडेल कडव्यांत गातच नाही, निर्विकारपणे बोलल्यासारखी बोलते. खाली बेस आणि ड्रम्स एकच ठेका धरून बसलेत, आणि मग गिटार येऊन धडकते. तू याही गाण्याला ‘दमदार’ म्हटलंयस. अरे, गंमत तर ती दम लावत नाही यातच आहे! याउलट पॅरामोर हा बँड. त्यांच्या गायिकेचा, हेली विल्यम्सचा आवाज कुठवर जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी २०२२ च्या ‘धिस इज व्हाय’च्या कडव्यात ती हात राखून गाते. टेलर यॉर्कची गिटार तुटक तुटक वाजत राहते, तिच्यासाठी मोकळी जागा सोडते. कोरसला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ध्रुवपदाला, ती जागा भरली जाते, म्हणून तो अंगावर येतो.

हे कानाला कळावं म्हणून एक करून बघ. हेडफोनची एकच बाजू कानाला लाव. रॉकमध्ये बहुतेकदा डिस्टॉर्शनच्या, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या, गिटारी डावी-उजवीकडे सरकवलेल्या असतात आणि आवाज मधोमध. कारण साधं आहे: गाण्यातले शब्द स्पष्ट करणारा वारंवारतेचा पट्टा साधारण २ ते ४ किलोहर्ट्‌झचा, आणि खरखरीत गिटारही तिथेच गर्दी करते. मिक्स करणाऱ्याला कुणाला तरी बाजूला घ्यावंच लागतं. कोणाला घेतलं, ते शोध. गायिका वरच्या सुरात गेली म्हणून कोरस मोठा वाटला, की आधीच्या ओळीत गिटार काढून घेतली होती म्हणून? याचं उत्तर देता आलं की अर्धं टिपण झालंच.

आता तुलनेचं. जड गिटार आणि बाईचा आवाज दिसला की तू थेट इव्हानेसन्स बँडच्या एमी लीकडे धावतोस. बिचारीला ‘ब्रिंग मी टू लाइफ’मध्येसुद्धा एकटीला गाऊ दिलं नव्हतं; त्यातला पुरुषाचा आवाज रेकॉर्ड कंपनीच्या आग्रहामुळे आला, हे तिनंच सांगितलंय. गाण्याचा रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, ज्या बँडची आठवण करून देतो, त्याच्याशी तुलना कर. तिथे कोण गातं याच्याशी आपल्याला काय करायचंय?

कपड्यांवरची वाक्यं सरळ काढून टाक.

‘हा बँड कुणीतरी मागून उभा केलाय’ अशी शंकाही लिहिताना जपून. द लास्ट डिनर पार्टीचं पहिलं सिंगल ‘नथिंग मॅटर्स’ २०२३ मध्ये आलं आणि हीच कुजबूज सुरू झाली. प्रत्यक्षात त्या मुली त्याआधीपासून लंडनमध्ये स्टेजवर वाजवत होत्या. पोरांच्या बँडला हा प्रश्न इतक्या चटकन विचारला जात नाही, असं माझं निरीक्षण आहे. तू मात्र त्या टिपणात कुजबुजीला परिच्छेदभर जागा दिलीस आणि एमिली रॉबर्ट्सच्या गिटार सोलोला एक शब्दही नाही.

आणि घाई कसली? २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात, म्हणून शुक्रवारी रात्रीच मत झालं पाहिजे असं काही नाही. रविवारी पुन्हा ऐक. पहिल्यांदा भुलवलेलं निम्मं तोवर उतरलेलं असतं. क्रेडिट्सही वाच, गाणं कुणी लिहिलं, प्रोड्यूस कुणी केलं, ते तिथेच मिळतं.

स्पिरिटबॉक्स या बँडवरचं टिपण तेवढं नव्यानं लिहून पाठव. ‘होली रोलर’बद्दल तू ‘पुरुषासारखी ओरडते’ म्हणालायस. त्यांची गायिका कोर्टनी लाप्लांट तिथे श्वास कुठे घेते, शब्द कुठे तोडते, ड्रम्स तेव्हा काय करतात, ते ऐक आणि लिही. सोबत गाण्याची लिंकही दे, हल्ली मी शोधत बसत नाही.

कळावे.