केबिन कोणासाठी?

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. मेकॅनिकल डिप्लोमा करून दोन वर्षं पॉवर टूल्सच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी करतो. आता स्वतःचं रिपेअरिंगचं वर्कशॉप काढायचं म्हणतो. मी पुढच्या वर्षी निवृत्त होईन. आमच्या घरात धंदा कोणी केला नाही, म्हणून करायचाच तर नाव निघेल असा करावा, या विचाराने वडसरच्या बाजूला १८०० चौरस फुटांची शेड पाहिली आहे. घरावर कर्ज काढायची तयारी आहे. मी काढलेला नकाशा सोबत आहे. एवढी जागा पुरेल ना? की आधी डिग्री करायला लावू? (पत्र संक्षिप्त)
– एक पालक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर :

नकाशा छान काढलाय. पट्टीने रेघा, प्रत्येक भिंतीचं माप, दिशासुद्धा दाखवल्यात. रस्त्याकडच्या सगळ्यात हवेशीर बाजूला १५ बाय १२ फुटांची काचेची केबिन आहे. तिच्यात एसी, सोफा, मोठं टेबल आणि देव्हारा. काम करायचं टेबल मागच्या कोपऱ्यात, संडासाच्या भिंतीला लागून, चार फुटांचं. त्या टेबलाशेजारी पेन्सिलीने, वेगळ्या आणि बारीक अक्षरात लिहिलंय, 'टेस्टिंग कुठे करू?' दोन पानी पत्रात तुमच्या मुलाचे म्हणून एवढेच तीन शब्द सापडले.

आता मला सांगा, ती केबिन कोणासाठी? मुलगा दिवसभर आर्मेचर आणि गिअरबॉक्स घेऊन टेबलाशी असणार. सोफ्यावर कोण बसणार? पुढच्या वर्षी निवृत्त होणारं माणूस घरात एकच आहे. रागावू नका, पण या पत्रात मला करिअरचा प्रश्न कमी आणि निवृत्तीनंतर काय करायचं हा प्रश्न जास्त दिसला. तो प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर मुलाच्या वर्कशॉपात शोधू नका.

तुम्ही म्हणाल, मी तर पाठिंबा देतोय, दबाव कुठे आणतोय? माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत 'इंजिनिअरच हो' म्हणून धाक घालणारे वडील असतात, त्यांच्याशी मुलं भांडतात तरी. घर गहाण टाकून शेड घेऊन देणाऱ्या वडिलांशी भांडायचं कसं? सहा महिन्यांनी त्याला वाटलं की जागा चुकली, गिऱ्हाईक येत नाही, तर ते तो कोणत्या तोंडाने सांगेल? हप्ता तुमच्या सहीवर, आणि रात्रीचं जेवण एकाच छताखाली. म्हणून तो पेन्सिलीने लिहितो, तेही बारीक.

पत्रात आणखी एक वाक्य आहे, जे वर छापलं नाही : 'घराच्या ओट्यावर मशिनी खोलत बसला तर लोक काय म्हणतील?' सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हातकामाचं आणि तंत्राचं शिक्षण देण्यासाठी. ते तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. त्या शहरात तेलकट हातांची लाज वाटावी, याला काय म्हणावं! ओट्यावर दुकान नको हे मलाही पटतं, पण त्याचं कारण आवाज आणि पार्किंग. लोकांचं मरू दे.

जागेबद्दल एक गैरसमज मात्र मुळापासून काढायला हवा : जागा मोठी तर काम मोठं. रिपेअरिंगच्या दुकानात जागा अडते ती थांबलेल्या मशिनींनी, चाललेल्या कामाने फारशी अडत नाही. हिशेब सोपा आहे. रोज किती मशिनी येतात आणि एक मशीन सरासरी किती दिवस पडून राहतं, या दोन आकड्यांचा गुणाकार करा. समजा रोज पाच मशिनी येतात आणि प्रत्येक दहा दिवस राहते, तर कधीही बघा, दुकानात पन्नास मशिनी असणार. तीच चार दिवसांत बाहेर पडली, तर वीस. त्या दहा दिवसांत प्रत्यक्ष दुरुस्ती तास-दीड तासाची. बाकीचे दिवस कशात जातात? खर्चाला गिऱ्हाइकाचा होकार मिळत नाही, फील्ड कॉइल मागवलीय ती आली नाही, किंवा मशीन तयार आहे आणि न्यायला कोणी फिरकत नाही. यातलं एकही दुखणं मोठ्या शेडने बरं होत नाही. उलट जागा असली की माणूस भंगार साठवतो. चालू मापाचे कार्बन ब्रश, स्विच, ६०८ आणि ६२०१ बेअरिंग डब्यांत लावून ठेवली, आणि मशीन खोलल्या दिवशीच फोन करून खर्च सांगितला, तर निम्मी जागा मोकळी होते. पन्नास मशिनीच धरल्या तरी त्या सहा फूट लांबीच्या, पाच खणांच्या तीन रॅकमध्ये बसतात. असा एक रॅक जमिनीवर जेमतेम नऊ चौरस फूट जागा घेतो.

तेव्हा १२ बाय २५ चा भाड्याचा गाळा, ३०० चौरस फूट, एका कारागिराला आणि एका मदतनिसाला भरपूर आहे. शटरला लागून काउंटर. आलेल्या मशिनीला तिथेच चिठ्ठी बांधायची, नंबर, तक्रार आणि सोबत आलेली चावी-डिस्कसुद्धा लिहून. काउंटरमागे दोन वेगळे रॅक, एक 'बघायच्या' आणि एक 'तयार'. तयार मशिनी दाराजवळ हव्यात, म्हणजे 'भाई, मारू मशीन थयू?' (झालं का माझं मशीन?) विचारणाऱ्याला जागेवरून उत्तर देता येतं. मधल्या भागात भिंतीला लागून आठ फूट लांब, अडीच फूट खोल टेबल, उभ्याने काम करायला साधारण तीन फूट उंच. डिमॉलिशन हॅमरसारखी वजनदार धुडं रोज त्या उंचीवर उचलली तर चाळिशीत कंबर जाईल, त्यासाठी एक बुटकं, दणकट टेबल वेगळं. टेबलापुढे किमान तीन फूट मोकळे ठेवा. धुणं आणि घासणं सगळ्यात मागे, मध्ये आडोसा करून. बेंच ग्राइंडरची लोखंडी पूड उघड्या गिअरबॉक्सच्या ग्रीसमध्ये गेली की नवं बेअरिंगही महिन्याभरात कुरकुरतं आणि नाव दुकानाचं खराब होतं.

आणि हो, टेस्टिंग. तुमच्या नकाशात जे नाही आणि मुलाला जे आठवलं, ते हेच. टेबलाच्या एका टोकाला वेगळा टेस्टिंग पॉइंट हवा. चांगलं अर्थिंग, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), सिरीज लॅम्प (मशीनच्या वाटेत जोडलेला, शॉर्ट दाखवणारा बल्ब), पायाखाली रबर मॅट. मशीन परत देण्याआधी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून इन्सुलेशन बघायचं, कारण ते ओल्या हातांच्या माणसाकडे जाणार असतं. आजूबाजूच्या पाद्रा-डभोईकडून पेट्रोलवरचे फवारणी पंप आलेच, तर ते दुकानाबाहेर उघड्यावर चालवायचे. बंद गाळ्यात इंजिन चालवलं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळतही नाही. खरं तर पहिलं वर्ष पेट्रोलची मशिनी घेऊच नयेत, असं माझं मत.

वडसरच्या शेडबद्दल एवढंच विचारतो : ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी चढली तेव्हा त्या शेडमध्ये पाणी किती फूट होतं? मालकाला विचारू नका, शेजारच्या चहावाल्याला विचारा. पाण्यात बसलेली पन्नास मशिनी गिऱ्हाइकांची असतात, आपली नसतात.

घरावर कर्ज नको. मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि ३०० चौरस फुटांच्या दुकानाला त्याच्या निम्मेही लागू नयेत. डिग्री करायची असेल तर डिप्लोमानंतर डी-टू-डीचा (डिप्लोमावरून थेट डिग्रीला प्रवेशाचा) मार्ग आहेच, तो काही बंद होत नाही. पण त्याने ती मागितलेली नाही.

त्याला सांगा की पुढचे दोन महिने नोकरीतच राहून रोज वहीत तीन आकडे लिही : किती मशिनी आल्या, किती गेल्या, आणि किती नुसत्या थांबल्या, कशामुळे. गिऱ्हाइकांची नावं नकोत, ती मालकाची. मग नवा नकाशा त्याने काढायचा. तुम्हाला दुकानात काम हवंच असेल, तर खर्चाच्या होकारासाठी गिऱ्हाइकांना फोन करायचं काम मागून बघा. ते फार कटकटीचं असतं आणि मुलांना नको असतं. देईल बहुधा. खुर्ची काउंटरमागे.

शेडचा बयाणा अजून दिला नसेल, तर थांबा. दिला असेल, तर तो परत कसा मिळेल हे आधी वकिलाला विचारा, आणि आज रात्रीच मुलाला सांगा.