सोलापुरातल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सोन्याचे ६० नॅनोमीटरचे कण बनवले आहेत; ते साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतील का?

हो, दिसतील, पण डार्क-फील्ड पद्धतीने आणि फक्त चमकते ठिपके म्हणून. कणाचा आकार कळणार नाही. साध्या प्रकाशात साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. डार्क-फील्डमध्ये थेट उजेड अडवतात आणि कणावरून विखुरलेला तेवढाच लेन्समध्ये येतो, म्हणून काळ्याभोर पार्श्वभूमीवर एकेक कण हिरवा लुकलुकतो. रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड झिग्मोंडींनी १९०३ च्या सुमारास याच तत्त्वावर सोन्याचे कण पाहिले होते.

मी एम.एस्सी.च्या मुलांकडून हे प्रॅक्टिकल करून घेतो. डार्क-फील्ड कंडेन्सर (स्लाइडखाली उजेड एकवटणारं खास भिंग) नसेल तर साध्या कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या खोबणीत काळ्या कागदाची गोल चकती अगदी मधोमध बसवा. १०एक्सला (दहापट मोठं दाखवणाऱ्या लेन्सला) अंधार चांगला जमतो, ४०एक्सला चकतीचा व्यास दोन-तीनदा बदलून बघावा लागतो. दिवा पूर्ण मोठा ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात थेंब बघता बघता सुकतो, तेव्हा कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद करा. आणि स्लाइड खरोखर स्वच्छ हवी, कारण धूळही तशीच चमकते! पांढरे किंवा पिवळट मोठे ठिपके बहुतेक धूळ नाहीतर एकमेकांना चिकटलेले कण असतात.

कण २० नॅनोमीटरचे निघाले तर मात्र हा खटाटोप करू नका. विखुरणं व्यासाच्या सहाव्या घातानुसार घटतं, म्हणजे ६० च्या मानाने उजेड सुमारे ७०० पट कमी.