बंपर बदलण्याआधी आतली ब्रॅकेट बघा

तुमचा प्रश्न वाचला. नाशिकच्या कॉलेज रोडवर तळघरातल्या पार्किंगमध्ये खांबाला घासून पुढच्या बंपरचा डावा कोपरा बाहेर आलाय, गॅरेजवाला नवा बंपर आणि वर रंगाचे पैसे सांगतोय, आणि स्वतः उतरवून बघावा की नाही असं तुम्ही विचारताय. बघा की. अंबडला फिटर म्हणून उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही हात शिवशिवतात. घरच्या आणि शेजारपाजारच्या हॅचबॅकचे बरेच बंपर उतरवून झालेत.

हल्लीचा बंपर म्हणजे पॉलीप्रॉपिलीनचं टरफल. तो वाकतो आणि बऱ्यापैकी परतही येतो. कोपरा सुटतो तो बहुतेक वेळा आतली साइड ब्रॅकेट मोडल्यामुळे. वीतभर लांबीची काळी पट्टी असते, फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, कडेला आतून बसवलेली, आणि तिच्या खाचांत बंपरची कड अडकते. त्या खाचा तुटल्या की बंपर कितीही दाबा, पहिल्या स्पीडब्रेकरला पुन्हा बाहेर. बंपरच्या किमतीपुढे ही पट्टी किरकोळ. म्हणून आधी उतरवा, बघा आणि मग काय विकत घ्यायचं ते ठरवा.

वेळ दुपारची निवडा, खास करून थंडीत. निफाडचा पारा खाली गेला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, तशा सकाळी प्लास्टिकच्या क्लिपा काचेसारख्या तुटतात. गाडी तासभर उन्हात ठेवली की तेच प्लास्टिक नरम येतं.

सामान फार नाही. दहाचा सॉकेट, स्टारचा आणि चपटा स्क्रूड्रायव्हर, मास्किंग टेप, जुनी गोधडी आणि अंड्यांचा रिकामा ट्रे. ट्रे स्क्रूंसाठी. ज्या क्रमाने काढाल त्या क्रमाने एकेका खळग्यात टाका, कारण लांब स्क्रूच्या जागी आखूड बसतो, पण आखूडच्या जागी लांब बसवला तर भलतीकडे टोक निघतं.

सुरुवात चाकाच्या कमानीपासून. डावीकडचा स्क्रू काढताना स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे वळवा, म्हणजे चाकाची पुढची बाजू आत जाते आणि हाताला जागा होते. उजवीकडे याच्या उलट. तो स्क्रू चिखलाने लिंपलेला असतो. ब्रशने खाच साफ केल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर लावू नका, डोकं एकदा गोल झालं की संध्याकाळ तिथेच जाते. दोन्ही बाजू झाल्या की किल्ली काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह सोडवा.

मग बॉनेटखाली, ग्रिलच्या वरच्या कडेला. तिथे काही बोल्ट, काही क्लिपा. क्लिपांची मात्र जात ओळखा. एका जातीत मधली खुंटी वर उचलायची असते, दुसरीत ती दोन-तीन मिलिमीटर आत दाबायची, टक् आवाज येतो आणि क्लिप सैल पडते. दाबायच्या क्लिपेला उपटणारे लोक पाहिलेत, मीही त्यातलाच होतो. परत बसवताना ही खुंटी मागून ढकलून वर काढायची, क्लिप भोकात घालायची आणि मग खुंटी सपाट होईपर्यंत दाबायची. चार-सहा क्लिपा जास्तीच्या आणून ठेवा, तुटणारच. खालच्या कडेच्या क्लिपा गोणपाट टाकून आडवं होऊन निघतात. त्यासाठी गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नका.

आता बंपर फक्त दोन्ही टोकांना अडकलेला असतो. फेंडरच्या कडेवर टेप लावा, कमानीजवळ बोटं आत घाला आणि बंपर गाडीच्या पुढे नाही, बाहेर बाजूला ओढा. टक्-टक्-टक् करत खाचा सुटतात. ताकद लावावी लागली तर थांबा, कुठेतरी एक क्लिप राहिलीये. आणि दुसऱ्या माणसाशिवाय मध्यभाग सोडू नका. मी एकदा एकट्याने जोशात ओढला, फॉग लॅम्पचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, काढायचा विसरलो आणि वायर मुळातून उपटली. दहा मिनिटांचं काम सोल्डरिंगपर्यंत गेलं. बंपर हातभर पुढे आणा, दुसऱ्याला धरू द्या, कपलरची जीभ दाबून तो काढा. एअरबॅगचा पुढचा सेन्सर काही गाड्यांत त्याच भागात असतो, त्याला हात लावायची गरज नाही. कपलर सुटे असताना किल्ली फिरवू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसू शकतो.

मागचा बंपर बराचसा असाच. फरक इतका, की बऱ्याच गाड्यांत डिकी उघडून आधी टेललाइट काढावे लागतात, कारण वरचे स्क्रू त्यांच्या आड असतात. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे मागे वायरी असणारच. प्रत्येक कपलरला टेपचा तुकडा लावून नंबर घाला. अदलाबदल झाली तर डावीकडची भिंत उजवीकडे दिसते.

बंपर तडकला असेल तर फेविक्विक किंवा एम-सील लावून वेळ घालवू नका, पॉलीप्रॉपिलीनवर ते टिकत नाही. त्याला त्याच प्लास्टिकच्या कांडीने वेल्डिंग करणारे असतात. रंगवणाऱ्याला प्लास्टिकचा प्रायमर मारतोस का हे आधीच विचारा, नाहीतर सालपटं निघतात. इन्शुरन्स क्लेमचं म्हणाल तर, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी जोड-पॉलिसी, नसेल तर प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापला जातो आणि नो क्लेम बोनसही जातो. एवढ्याशा ब्रॅकेटसाठी मी तरी क्लेम करणार नाही.

बसवताना घाई होते, आणि फट वाकडी दिसते ती त्यामुळेच. आधी कपलर जोडा, बॅटरी लावून दिवे पेटतात का बघा. मग बंपर मध्यभागी टेकवा, दोन्ही टोकं ब्रॅकेटच्या खाचांत तळहाताने थापटून बसवा, सगळे बोल्ट नुसते हाताने दोन-तीन आटे फिरवा. इथे उठून चार पावलं मागे जा आणि हेडलाइटखालची फट दोन्हीकडे सारखी आहे का बघा. बॉनेट हळूच बंद करून कुठे घासत नाही ना तेही पाहा. मगच आवळा, आधी मधले, शेवटी कमानीतले. कमानीतला स्क्रू प्लास्टिकमध्ये जातो, तिथे मनगटाचा जोर नको.

शेवटी तुम्ही विचारलंय, लगे हाथ लोखंडी गार्ड लावून घेऊ का? नको. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डांवर कारवाई करायला राज्यांना कळवलंय. शिवाय बंपरने दबून जो धक्का खायचा तो गार्डमुळे थेट चासीला जातो.

ब्रॅकेट आणायला जाल तेव्हा डावी-उजवी ड्रायव्हरच्या जागेवर बसून ठरवा. मी गाडीसमोर उभा राहून ठरवली होती, द्वारका चौकाच्या गर्दीतून दोन खेपा झाल्या.